कॉर्नेल वूलरिच: घड्याळ, घबराट आणि भोकं पडलेली कथानकं

रात्रपाळी

हिचकॉकचा 'रिअर विंडो' न पाहिलेला माणूस या संस्थळावर शोधूनच काढावा लागेल. प्लास्टरमधला पाय घेऊन खिडकीत बसलेला जेम्स स्ट्यूअर्ट, समोरच्या इमारतीतला तो संशयास्पद शेजारी, सगळं सगळ्यांना पाठ. मूळ गोष्ट कोणाची, असं विचारलं की मात्र सामसूम. नाव श्रेयनामावलीत येऊन जातं: कॉर्नेल वूलरिच. 'फँटम लेडी' याचीच, फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोनं पडद्यावर आणलेली 'द ब्राइड वोअर ब्लॅक' याचीच, आणि आपल्या 'कटी पतंग'च्या मुळाशीही हाच माणूस. हॅमेट आणि चांडलर या रहस्यकथाकारांवर इथे भरपूर चर्चा झाली आहे, याच्यावर धागा दिसला नाही, म्हणून हा प्रपंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. वूलरिचची कथानकं तर्काला धरून नसतात. योगायोगांचा सुळसुळाट असतो, पोलीस सोयीनुसार हुशार किंवा मठ्ठ होतात, कधीकधी तर आधी काय लिहिलंय हे लेखकच विसरलाय की काय अशी शंका येते. असं असूनही पन्नासाव्या पानावर पुस्तक खाली ठेवून दाखवा. रहस्यकथाकारांमध्ये भीती नावाची गोष्ट इतकी आतून ओळखणारा दुसरा कोणी मला माहीत नाही, आणि ती भीती या भोकांमुळे कमी होत नाही, उलट वाढते. कारण त्याच्या जगात गोष्टी तर्कानं घडतच नाहीत, त्या माणसाच्या अंगावर कोसळतात.

आता माणसाबद्दल. जन्म ४ डिसेंबर १९०३, न्यूयॉर्क. आईवडील वेगळे झाले. लहानपणाची काही वर्षं वडिलांकडे मेक्सिकोत, नंतर आई क्लेअर हिच्याकडे, आजोबांच्या न्यूयॉर्कमधल्या घरी. अकरा वर्षांचा असताना मेक्सिकोत एका रात्री आकाशाकडे बघता बघता आपण एक दिवस मरणार आहोत हे एकदम लक्षात आलं, आणि पालथ्या घातलेल्या पेल्याखाली सापडलेल्या किड्यासारखं वाटलं, असं त्यानं आठवणींत लिहिलंय. या आठवणी शब्दशः खऱ्या धरू नयेत, हा गडी स्वतःबद्दलही गोष्टीच रचायचा. पण तो पेला त्याच्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीत आहे.

१९२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेला, पण पदवी घेतली नाही. १९२६ मध्ये पहिली कादंबरी 'कव्हर चार्ज' छापून आली आणि अभ्यास सुटला. रहस्याचा मागमूसही नाही बरं का. जॅझ, नाचघरं, पैसेवाली पोरंपोरी. दैवत कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड. पुढच्या वर्षीच्या 'चिल्ड्रेन ऑफ द रिट्झ'ला एक मासिक आणि एक फिल्म कंपनी यांनी मिळून ठेवलेलं १०,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. १९२७ चे दहा हजार! त्यावर सिनेमा निघाला आणि साहेब हॉलिवूडला पोचले. तिथे मूकपटांच्या पहिल्या पिढीतले निर्माते जे. स्ट्यूअर्ट ब्लॅक्टन यांच्या मुलीशी १९३० मध्ये लग्न. ते टिकलं नाही, १९३३ मध्ये रद्दबातल ठरलं. तोवर स्वारी केव्हाच आईकडे परत आली होती. १९५७ मध्ये आई गेली तोपर्यंत मायलेक एकत्र राहिले, बहुतेक काळ ब्रॉडवेवरच्या हॉटेल मार्सेयमध्ये.

मंदी आली. उंची दारू पिणाऱ्या श्रीमंत पोरांच्या गोष्टी कोण विकत घेणार? सहा कादंबऱ्या नावावर असलेला हा लेखक तिशीत पुन्हा शून्यावर आला. १९३४ च्या ऑगस्टमध्ये 'डिटेक्टिव्ह फिक्शन वीकली'त त्याची पहिली रहस्यकथा आली. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलेला माणूस बसल्याजागी मरतो, विष दातात भरलेलं. तिथून गाडी सुटली ती सुटलीच. 'ब्लॅक मास्क', 'डाइम डिटेक्टिव्ह', 'आर्गसी' अशा पल्प (स्वस्त कागदावरच्या, करमणुकीच्या) मासिकांसाठी पाच-सहा वर्षांत शंभरावर गोष्टी. मोबदला शब्दांवर, तोही सेंटमध्ये. त्याच्या लेखनातला फापटपसारा आणि धाप लागल्यासारखी लय, दोन्ही इथूनच आली असं मला वाटतं. जास्त शब्द म्हणजे जास्त पैसे, आणि पुन्हा वाचून दुरुस्त करायला वेळ नाही.

१९४० मध्ये 'द ब्राइड वोअर ब्लॅक'. अर्पणपत्रिकेत त्याच्या टाइपरायटरचंही नाव आहे, क्रमांकासकट: रेमिंग्टन पोर्टेबल एनसी ६९४११. पुढची आठ वर्षं म्हणजे नुसता धबधबा. नावात 'ब्लॅक' असलेल्या सहा कादंबऱ्या स्वतःच्या नावानं. एका नावात एवढं मावेना म्हणून 'विल्यम आयरिश' या नावानं 'फँटम लेडी' (१९४२), 'डेडलाइन अॅट डॉन' (१९४४), 'वॉल्ट्झ इंटू डार्कनेस' (१९४७), 'आय मॅरीड अ डेड मॅन' (१९४८). आणि 'नाइट हॅज अ थाउजंड आइज' (१९४५) 'जॉर्ज हॉपली' या नावानं. गंमत म्हणजे हे तिसरं टोपणनाव त्याच्याच पूर्ण नावाचा तुकडा आहे: कॉर्नेल जॉर्ज हॉपली-वूलरिच.

त्याचं तंत्र बघायचं तर १९३८ ची 'थ्री ओ'क्लॉक' ही एकच गोष्ट पुरे. (रहस्यभेद आहे, पण गोष्ट एवढी जुनी आहे की चालवून घ्या.) स्टॅप नावाचा घड्याळजी. बायको आपल्याला फसवतेय असा संशय. तो घराच्या तळघरात बॉम्ब तयार करतो, घड्याळाला जोडतो, दुपारी तीनची वेळ लावतो. निघणार एवढ्यात घरात चोर शिरतात, त्याला पकडतात, तोंडात बोळा कोंबून तळघरातच बांधून निघून जातात. समोर त्याचंच घड्याळ. उरलेली गोष्ट म्हणजे एवढंच: बांधलेला माणूस आणि काटे. बायको वर येते, तिच्याबरोबर तो पुरुष असतो. त्यांचं बोलणं खाली ऐकू येतं आणि कळतं की तो तिचा तुरुंगातून सुटलेला भाऊ आहे. म्हणजे खुनाचं कारणच उरलं नाही, आणि ओरडून सांगायची सोय नाही. गॅसचं मीटर बघायला माणूस येतो, आता सुटका होणार असं वाटतं, तर तो तळघरात उतरतच नाही. तळघराच्या खिडकीशी एक लहान मूल येऊन डोकावतं, आणि त्याची आई त्याला ओढून नेते. शेवट सांगत नाही, तो याहून दुष्ट आहे. हिचकॉकनं यावर १९५७ मध्ये टीव्हीसाठी तासाभराचा भाग केला, वेळ मात्र तासाभरानं पुढे ढकलून चारची ठेवली.

घड्याळ हा याचा ठरलेला खलनायक. 'फँटम लेडी'त प्रकरणांची शीर्षकंच फाशीला किती दिवस उरले ते सांगतात, दीडशेपासून उलटी मोजणी. 'डेडलाइन अॅट डॉन'मध्ये शीर्षकाच्या जागी घड्याळाची चित्रं आहेत. पैसे घेऊन गिऱ्हाइकांबरोबर नाचणारी मुलगी, तिच्याच गावचा निघालेला एक मुलगा, पहाटेची गावाकडे जाणारी बस, आणि त्याआधी सोडवायचा एक खून. न्यूयॉर्कमध्ये त्या मुलीचा एकच मित्र: पॅरामाउंट इमारतीवरचं घड्याळ. शहराबद्दलचा एवढा राग आणि एवढा एकटेपणा इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी आणलेला मी वाचला नाही.

१९४८ नंतर ओघ आटला. जुन्या गोष्टी नव्या नावांनी खपवणं, थोडंफार नवं. आई गेल्यावर तर हॉटेलची खोली, दारू आणि मधुमेह. घट्ट बुटानं पायाला जखम झाली, दुर्लक्ष केलं, गँगरीन झालं, पाय कापावा लागला. १९६८ मध्ये त्रुफोचा 'ब्राइड' न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला तेव्हा हा त्याच शहरात होता, गेला नाही. २५ सप्टेंबर १९६८ ला वारला. मागे सुमारे साडेआठ लाख डॉलर होते, ते सगळे कोलंबिया विद्यापीठाला, लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी. शिष्यवृत्तीला नाव आईचं. ज्या विद्यापीठाची पदवीसुद्धा त्यानं घेतली नव्हती!

कोकणकडा

जबरी लेख. वाचनखूण साठवली आहे. 'थ्री ओ'क्लॉक'चा शेवट व्यनि (खासगी निरोप) करा.

तिरकस

लेख आवडला, पण 'भोकांमुळे भीती वाढते' हे काही पटलं नाही. हे म्हणजे आमटीत मीठ कमी आहे म्हणून ती जास्त चविष्ट लागते असं म्हणण्यासारखं झालं. याची एक कादंबरी वाचली आहे, 'राँदेवू इन ब्लॅक'. नायक एका दुकानापाशी रोज आठ वाजता भेटणाऱ्या प्रेयसीची वाट बघतोय. वरून खालच्या उंचीवरून एक विमान जातं, त्यातला कोणीतरी रिकामी बाटली बाहेर फेकतो, ती नेमकी हिच्या डोक्यात! मुलगी जागीच खलास. मग हा पठ्ठ्या त्या विमानातल्या प्रत्येकाला शोधून काढतो आणि दर ३१ मे रोजी एकेकाची सर्वांत प्रिय बाई मारत सुटतो. यादी कुठून मिळाली, दरवर्षी तीच तारीख कशी साधते, पोलीस काय करतात, काही विचारायचं नाही. हसूच आलं हो मला.

रात्रपाळी

तिरकस, तुम्ही सांगितलेला सारांश मी कोणालाही सांगितला तर तोही हसेल. पण वाचताना पहिल्या दहा पानांत हसलात का, हे प्रामाणिकपणे सांगा. तो मुलगा दिवसेंदिवस त्याच जागी उभा राहून ती येईल म्हणून वाट बघत राहतो तो भाग आठवा. बाटलीऐवजी मोटारीखाली सापडली असती तर तर्कशुद्ध झालं असतं, आणि अगदी सपक झालं असतं. आकाशातून बाटली पडून मेली यात कोणाचाच हेतू नाही. हेतू नसलेल्या मरणाचा सूड घ्यायचा कोणावर, हा प्रश्न त्याला पडलाय. अगाथा ख्रिस्तीच्या जगात असं मरण येऊच शकत नाही.

चांडलरचं मत तुमच्या बाजूनं आहे, हेही सांगतो. त्यानं एका पत्रात याला कल्पना लढवणारा लेखक म्हटलंय, पात्रं उभी करणारा नव्हे. वाचायला मजा येते पण मागे ऊब राहत नाही, असा त्याचा सूर.

तिरकस

चांडलर माझ्या बाजूनं म्हणजे झालंच की! आणि पहिल्या दहा पानांत हसलो नव्हतो, हे मान्य. अकराव्यात हसलो.

जुना_प्रोजेक्टर

सिनेमांची भर घालतो, कारण वूलरिच वाचण्याआधी मी बघितला.

चाळीसच्या दशकात हॉलिवूडनं त्याला अक्षरशः ओरबाडला. 'द लेपर्ड मॅन' (१९४३), 'फँटम लेडी' (१९४४), 'ब्लॅक एंजल', 'द चेस' आणि 'डेडलाइन अॅट डॉन' तिन्ही १९४६ मध्ये, 'द विंडो' (१९४९). आज ज्याला फिल्म न्वार (गुन्हेगारीवरचे काळोखे सिनेमे) म्हणतात त्याचा मोठा हिस्सा या एका माणसाच्या कथांवर उभा आहे. रेडिओवर 'सस्पेन्स' मालिकेत तर त्याच्या गोष्टी सतत असायच्या, 'द ब्लॅक कर्टन'मध्ये कॅरी ग्रँटनं आवाज दिलाय.

'द लेपर्ड मॅन'मधला एक प्रसंग सांगतोच. गावात बिबट्या सुटलाय. आई मुलीला रात्री मक्याचं पीठ आणायला पाठवते. मुलगी घाबरते, आई ऐकत नाही, बाहेर काढून दार लावून घेते. थोड्या वेळानं मुलगी धावत परत येते, दार ठोठावते, किंचाळते. आईला वाटतं पोरगी सोंग करतेय. मग तिला धोका जाणवतो, ती दाराकडे धावते, तर कडी अडकलेली. कॅमेरा घराच्या आतच राहतो. बाहेरचं काही दिसत नाही, फक्त आवाज, आणि मग दाराखालच्या फटीतून रक्त आत येतं. दिग्दर्शक झाक तुर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन, खर्च अगदी किरकोळ. ८० वर्षं झाली, हा प्रसंग अजून शिळा होत नाही.

रात्रपाळी, तुमच्या सिद्धांताला हा पुरावा घ्या. तर्कानं बघितलं तर त्या मुलीला रात्री एकटीला पाठवणं मूर्खपणाच आहे. पण घराघरांत आया असंच वागतात, म्हणून तर अंगावर काटा येतो.

युरोपातही तो गाजला. त्रुफोनं 'ब्राइड'च्या पुढच्याच वर्षी 'वॉल्ट्झ इंटू डार्कनेस'वर 'मिसिसिपी मर्मेड' केला, जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा 'मार्था' (१९७४) हाही त्याच्याच एका गोष्टीवर. त्रुफोनं 'ब्राइड'चा शेवट बदललाय. कादंबरीत शेवटी जो दणका बसतो तो सिनेमात नाही. कादंबरीच वाचा.

शेवंती

'कटी पतंग'बद्दल मी लिहिते, माझ्या पिढीचा विषय आहे!

शक्ती सामंतांचा सिनेमा गुलशन नंदांच्या कादंबरीवर, आणि त्या कादंबरीचा सांगाडा 'आय मॅरीड अ डेड मॅन'चा. इंग्रजी कादंबरी मी पुष्कळ नंतर वाचली आणि दोन्हींतला फरक बघून चाट पडले.

मूळ गोष्टीतली हेलन गरोदर आहे, लग्न झालेलं नाही. ज्यानं फसवलं तो एका पाकिटात पाच डॉलरची नोट आणि रेल्वेचं तिकीट घालून तिला वाटेला लावतो. गाडीत एक नवविवाहित जोडपं भेटतं, तीही मुलगी गरोदर. हात धुताना ती आपली लग्नाची अंगठी हेलनच्या बोटात घालायला देते, आणि त्याच क्षणी अपघात. हेलन शुद्धीवर येते ती दवाखान्यात, आणि सगळे तिला त्या दुसरीच्या नावानं हाक मारत असतात. नवराबायको दोघंही गेलेले, सासरच्यांनी सुनेला कधी पाहिलेलंच नाही. बाळासाठी ती गप्प बसते. म्हणजे ती खोटं बोलते, जाणूनबुजून.

हिंदीत काय केलंय बघा. माधवीला स्वतःचं मूलच नाही. मूल मैत्रिणीचं, पूनमचं, आणि मरता मरता पूनमच तिच्याकडून वचन घेते की माझ्या जागी तू जा. झालं, नायिका धुतल्या तांदळासारखी! खोटेपणाचा डाग वचनानं पुसला. दुसरं, मूळ कादंबरीत ती ज्याच्या प्रेमात पडते तो तिचा 'दीर' आहे. आपल्याकडे विधवा वहिनी आणि दीर म्हटल्यावर थिएटरात कुजबुज झाली असती. म्हणून राजेश खन्ना दीर न राहता मेलेल्या नवऱ्याचा मित्र झाला, आणि वर लग्नाच्या मांडवातून पळून गेलेली त्याची वधू तीच ही, असा योगायोग जोडून दिला. वूलरिचलासुद्धा एवढा योगायोग सुचला नसता!

ब्लॅकमेल करणारा मात्र तसाच्या तसा आला. प्रेम चोप्राला दुसरं काही करायची गरजच नव्हती.

आशा पारेख यांना त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं ते योग्यच होतं. पण मूळ हेलनची जी भीती आहे, दार वाजलं तरी दचकणारी, सासूनं प्रेमानं जवळ घेतलं की आणखी आक्रसणारी, ती हिंदीत पांढऱ्या साडीच्या दुःखात विरघळून गेली. माया मिळते म्हणून जास्त भीती वाटते हे वूलरिचला कळलं होतं. चांडलरसाहेबांना म्हणावं, ऊब इथे आहे.

अमावस्या

शेवंतीताई, काय सुंदर लिहिलंत. राजकुमार कोहलींच्या 'नागिन'लाही (१९७६) त्रुफोच्या 'ब्राइड'वरून सुचल्याचं सांगतात. नवऱ्याचा बळी घेणाऱ्या पुरुषांना एकेक करून टिपणारी बाई. विधवेची नागीण केली की झालं, आपल्याकडे कोणी कारण विचारत नाही.

जुना_प्रोजेक्टर

मल्टिस्टारर नागीण! वूलरिचनं बघितला असता तर दुसरा पायही कापून घेतला असता.

वकिली_खाक्या

सिनेमावाले बोलले, आता जरा कोर्टात या. अमेरिकेत कॉपीराइट शिकवताना वूलरिचचं नाव साहित्यापेक्षा जास्त वेळा येत असेल. खटला: स्ट्यूअर्ट विरुद्ध अबेंड, १९९०. हा स्ट्यूअर्ट म्हणजे खिडकीत बसलेला तोच.

हकीकत अशी. 'रिअर विंडो'ची मूळ गोष्ट 'इट हॅड टू बी मर्डर' १९४२ मध्ये 'डाइम डिटेक्टिव्ह'मध्ये आली. १९४५ मध्ये वूलरिचनं ती आणि आणखी पाच, अशा सहा गोष्टींचे सिनेमाचे हक्क एका कंपनीला ९,२५० डॉलरला विकले. म्हणजे गोष्टीमागे दीड हजाराच्या आसपास. १९५३ मध्ये स्ट्यूअर्ट आणि हिचकॉक यांच्या कंपनीनं या एकाच गोष्टीचे हक्क १०,००० डॉलरला घेतले. पण ते पैसे आधीच्या खरेदीदाराच्या वारसदारांना गेले, लेखकाला नाही.

आता कायद्यातली मेख. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट पहिली २८ वर्षं, मग नूतनीकरण केलं तर पुढची २८. वूलरिचनं १९४५ च्या करारात वचन दिलं होतं की वेळ आली की मी नूतनीकरण करीन आणि तेही हक्क तुम्हालाच देईन. आणि वेळ यायच्या आधी, १९६८ मध्ये, मेला. बायको नाही, मूल नाही. मृत्युपत्राची व्यवस्था बघणाऱ्या बँकेनं १९६९ मध्ये नूतनीकरण केलं आणि या गोष्टीचे हक्क शेल्डन अबेंड नावाच्या एजंटाला दिले. किंमत: ६५० डॉलर आणि मिळकतीचे १० टक्के.

१९७१ मध्ये सिनेमा टीव्हीवर लागला, अबेंडनं हरकत घेतली, पुढे दावा लावला, २५,००० डॉलरवर तडजोड झाली. १९८३ मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरात आला आणि एक कोटी वीस लाख डॉलरहून जास्त कमावून गेला. अबेंड पुन्हा कोर्टात. सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल त्याच्या बाजूनं दिला: नूतनीकरणाआधी लेखक मेला, तर त्यानं दिलेलं वचन त्याच्यामागून हक्क मिळणाऱ्यांना बांधील नाही. मूळ गोष्टीचा हक्क हातात नसेल तर तिच्यावरचा सिनेमा दाखवत राहणं म्हणजे उल्लंघन. निकालानंतर हॉलिवूडमध्ये जुन्या सिनेमांच्या मूळ लेखकांचे वारस शोधायची धावपळ सुरू झाली नसती तरच नवल.

माणूस जिवंत असताना गोष्टीचे दीड हजार, आणि मेल्यावर त्याच गोष्टीवरून सर्वोच्च न्यायालय. कथानक म्हणून त्याला आवडलं असतं.

तिरकस

वकीलसाहेब, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका. एक शंका: मग त्या दहा टक्क्यांतलं काही कोलंबियाच्या शिष्यवृत्तीकडे जातं का?

वकिली_खाक्या

मालमत्ता विद्यापीठालाच दिलेली होती आणि बँक त्याच मालमत्तेची व्यवस्था बघत होती, त्यामुळे दहा टक्क्यांची वाट त्याच दिशेची. अबेंडचा वाटा अबेंडचा.

हडसनकाठी

न्यूयॉर्कहून. हॉटेल मार्सेयची इमारत अजून उभी आहे, ब्रॉडवे आणि १०३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. लाल विटांची, वर उतरतं छप्पर, दाराशीच भुयारी रेल्वेचं स्टेशन. आता तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी परवडणारी घरं आहेत. मी त्या भागात राहते, रोज तिथून भाजी घेऊन येते, आणि हा धागा वाचेपर्यंत तिथे कोण राहत होतं याचा पत्ता नव्हता. दारावर त्याच्या नावाची पाटी मला तरी दिसलेली नाही.

एक गोष्ट इथे राहिल्याशिवाय कळत नाही. त्या भागातल्या इमारतींना आतल्या बाजूला अरुंद चौक असतात. स्वयंपाकघरं, न्हाणीघरं त्या चौकात उघडतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या टाकल्या की समोरच्यांचं भांडण, टीव्ही, भांड्यांचा आवाज सगळं फुकट. चेहरा ओळखीचा, नाव माहीत नाही, अशी माणसं वर्षानुवर्षं समोर असतात. अशा घरांत राहणाऱ्याला ती गोष्ट सुचणं यात मला तरी काही नवल वाटत नाही.

कोकणकडा

नवख्यानं सुरुवात कुठून करावी? आणि 'थ्री ओ'क्लॉक'चा व्यनि अजून आला नाही.

रात्रपाळी

व्यनि पाठवला आहे.

सुरुवात गोष्टींपासून करा, कादंबरीपासून नको. 'थ्री ओ'क्लॉक', 'इट हॅड टू बी मर्डर', आणि 'द बॉय क्राइड मर्डर'. शेवटच्या गोष्टीत सतत थापा मारणारा मुलगा खरोखरचा खून बघतो आणि घरचे त्याला माफी मागायला थेट खुन्यांच्याच दारात नेतात. मग 'फँटम लेडी'. मग शेवंतीताईंनी सांगितलेली 'आय मॅरीड अ डेड मॅन', तिच्यातला शेवट वाचून फेकून द्यावंसं वाटलं तरी फेकू नका. पहिल्या सहा फिट्झजेराल्डी कादंबऱ्यांच्या वाटेला संशोधक असाल तरच जा. आणि अपुरी राहिलेली 'इंटू द नाइट' लॉरेन्स ब्लॉकनं पूर्ण केली (१९८७), ती सगळ्यात शेवटी.

तिरकस

काल रात्री 'इट हॅड टू बी मर्डर' वाचली. सिनेमातली ग्रेस केली नाही, नर्स नाही, प्रेमप्रकरण नाही. फक्त जेफ्रीज, त्याचा नोकर सॅम आणि समोरचा थॉरवाल्ड. जेफ्रीज खुर्चीत का अडकलाय हे शेवटच्या ओळीपर्यंत सांगतच नाही, डॉक्टर येऊन पायाचं प्लास्टर काढू म्हणतो तेव्हा कळतं. हे आवडलं. खुनी बंदूक घेऊन खोलीत शिरतो तेव्हा हा हलू शकत नाही, म्हणून जवळचा एक अर्धपुतळा ओढून डोक्याशी धरतो आणि गोळी पुतळ्याला लागते, हेही झकास.

पण भोक सापडलं! प्रेत वरच्या, दुरुस्ती चालू असलेल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराच्या नव्या फरशीखाली सिमेंटमध्ये आहे, हे त्याला कसं कळतं? तर एकाखाली एक अशा दोन खिडक्यांत दोन माणसं एकाच वेळी चालताना दिसली आणि वरचा माणूस किंचित जास्त उंचावर दिसला, म्हणून फरशी उचललेली आहे! एवढ्या लांबून! काही इंच! पाय मोडलेल्या माणसानं!

हडसनकाठी

पाय मोडलाय, डोळे नव्हे. आणि दिवसभर त्याला दुसरं काम काय होतं?

शेवंती

तिरकस, किती वाजता संपवलीत ते सांगा आधी.

तिरकस

पावणेदोन. दार दोनदा तपासून झोपलो, ते सोडा. 'फँटम लेडी' मागवली आहे, गुरुवारी येईल. भोकांची यादी इथेच टाकतो.